तात्यापारा ते समुद्राचा तळ

रामकृष्ण डोर्लीकर रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून शंकर नगरला माझ्या कार्यालयात यायचे ते नेहमी पायी. ऑटो मिळत नव्हता असं नाही, त्यांच्या दारावरूनच ऑटो जायचे. पण भाऊ चालत यायचे. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधलेला, पावसाळ्यात हातात लांब दांड्याची छत्री. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले की दम घ्यायचे, पाणी प्यायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"एवढा खोल आहे, नरेंद्र."

मला त्याची सवय झाली होती. शेजारच्या टेबलावर कोणी नवीन माणूस आला की त्याला मात्र समजावून सांगावं लागे. भाऊंचा मुलगा विशाल जिथं जहाजासकट बुडाला, तिथं समुद्र पाच किलोमीटरहून थोडा जास्त खोल आहे. त्यांच्या घरापासून माझं कार्यालय साधारण तेवढंच लांब. भाऊंनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्याची खोली समजून घ्यायला त्यांच्याकडे हा एवढाच रस्ता होता.

डोर्लीकर मूळचे वर्ध्याकडचे. भाऊंचे वडील रेल्वेत लागून रायपूरला आले, भाऊही रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोठी अर्चना, तिच्या पाठचा विशाल. विशाल बूढा तालाबात पोहायला शिकला. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा तो कॉलेजात होता. त्या वर्षांत आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरातला मुलगा कुठल्या ना कुठल्या नव्या कार्यालयात चिकटायच्या खटपटीत होता. आमच्या महामंडळातही जागा निघणार होत्या. मी विशालला अर्ज करायला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "काका, खुर्चीवर बसून तुमच्यासारखं पोट सुटेल माझं." मग विशाखापट्टणमला जाऊन त्याने जहाजावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलं. पहिल्या फेरीहून परत आला तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता, आणि आमच्या मराठी मंडळातल्या साऱ्या मुली त्याच्याकडे पाहत होत्या.

तिसऱ्या की चौथ्या फेरीत त्याचं जहाज ऑस्ट्रेलियाहून गहू घेऊन आफ्रिकेकडे निघालं होतं. हिंदी महासागराच्या मधोमध वादळात ते कललं आणि उलटलं. काही जणांना दुसऱ्या जहाजाने उचललं. त्यांच्यात विशाल नव्हता. मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी भाऊंच्या घरीच होतो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खाली जाता येते का तिथं?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "नाही हो काका. पाच किलोमीटरच्या वर पाणी आहे. तिथं कोणीच जाऊ शकत नाही."

त्याने ते बहुधा विषय संपवण्यासाठी म्हटलं असेल. भाऊंनी मात्र ते धरून ठेवलं. पुढची कित्येक वर्षं त्यांना त्या वाक्याचा आधार होता.

ते समुद्राच्या तळाबद्दल वाचू लागले. अर्चना भिलाईला शिक्षिका. रविवारी आली की मोबाइलवर शोधून शोधून त्यांना वाचून दाखवायची. तिथं उजेड पोचत नाही, लाट पोचत नाही, मऊ गाळ आहे आणि त्यावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले आहेत. ते गोटे वाढतात, पण दहा लाख वर्षांत दोन-चार मिलिमीटर, थोडं कमीजास्त. भाऊंनी भिंतीवर शाळेत असतो तसा हिंदी महासागराचा नकाशा लावला. कंपनीने जो ठिकाणा कळवला होता, तिथं पेन्सिलने फुली केली.

"लाखो वर्षं त्या गोट्याले कोनी हात लावला नाही," ते मला म्हणाले. "घरी झोपला तर याची आई सात वाजले म्हणून ओरडत उठवायची. तिथं कोनी उठवत नाही त्याले."

गोदावरीवहिनी त्या नकाशाकडे कधीच पाहत नसत. चहा घेऊन यायच्या, भिंतीकडे पाठ करून कप ठेवायच्या आणि आत जायच्या. त्यांचं दुःख निराळ्या वाटेने चाललं होतं. ज्याचा देह सापडला नाही त्याची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, याला आमच्याकडे पालाशविधी म्हणतात. वहिनी त्या बारा वर्षांवर बसून होत्या. पितृपंधरवड्यात सासू-सासऱ्यांची पानं वाढली जायची. विशालचं पान वाढता येत नव्हतं, आणि तो येईल म्हणून ताटही मांडता येत नव्हतं.

बारा वर्षं भरायला आली होती. त्याच सुमारास हिंदी वर्तमानपत्रात ती बातमी आली. समुद्राच्या तळावरच्या त्या काळ्या गोट्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं आहे. बॅटऱ्यांसाठी ते लागतं. आपल्या देशाला हिंदी महासागरात शोधकामासाठी एक पट्टा मिळालेला आहे, आणि तळावर चालणारं यंत्र तयार होत आहे. बातमीबरोबर छोटासा नकाशा होता. भाऊंनी तो कापला आणि भिंतीवरच्या नकाशाशेजारी धरला. पेन्सिलची फुली पट्ट्याच्या आत पडत होती.

दुसऱ्या दिवशी ते चालत माझ्याकडे आले. "अर्ज लिहायचा आहे," म्हणाले. "तुले लिहिता येते नीट. विषय, संदर्भ, सगळं."

मी कागद घेतला. विषय लिहिला : हिंदी महासागराच्या तळाशी खोदकाम न करण्याबाबत. मग विचारलं, "मागणी काय टाकायची, भाऊ?"

"काहीच करू नका. हेच टाक."

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी पाहिलेला प्रत्येक अर्ज काहीतरी करा म्हणून होता. रस्ता करा, बदली करा, नाव चढवा. काही करू नका असा अर्ज मी पहिल्यांदाच टाइप केला. भाऊंनी विशालचा उल्लेख करू दिला नाही. "माह्या पोट्ट्यासाठी थांबवा म्हटलं तर कोन थांबवीन? तिथं दुसरे जीव आहेत. आंधळे मासे, काचेसारखे झिंगे. त्यांचं लिही. गाळ उडाला तर ते गुदमरतीन."

गणेशोत्सवात चौबे कॉलोनीतल्या आमच्या मंडळात त्यांनी चपला ठेवायच्या जागेशेजारी टेबल मांडलं. सह्यांचे कागद, दोन पेनं, आणि पुठ्ठ्यावर अर्चनाने काढलेलं समुद्रतळाचं चित्र. लोक आरतीहून परतताना थांबायचे. मंडळाचे कार्यवाह गुलाबराव पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "भाऊ, पहिले तात्यापाऱ्यातली नाली पाहा, मग समुद्र पाहू. काहून म्हातारपणी हे लचांड?"

"नाली साफ करा म्हनून सांगून राहिलो नाही मी," भाऊ म्हणाले. "जे साफ आहे त्याले हात लावू नका, एवढंच सांगून राहिलो."

गुलाबरावांनी हसत सही केली. कॉलेजातली दोन मुलं आली. त्यांना मराठी कळत होतं, पण बोलणं हिंदीच. एकाने विचारलं, "अंकल, साइन करने से क्या होगा?"

"कुछ नहीं होगा," भाऊ म्हणाले. "वही तो चाहिए."

मुलं हसली आणि दोघांनीही सही केली. त्या दिवसांत भाऊ खुशीत होते. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणाला तरी काही समजावून सांगता येत होतं. हातोडीने चाक ठोकून, आवाजावरून ते तडकलं आहे की नाही हे ते नव्या पोरांना कारखान्यात शिकवायचे, तसेच टेबलावर वाकून सांगायचे, की एकदा ओरखडा पडला की तिथला ओरखडा बुजत नाही. तिथं पाऊस नाही, वारा नाही, बुजवणार कोण.

शेवटच्या दिवशी गुलाबरावांनी चांगल्या भावनेने माइकवरून सांगितलं, की आपले ज्येष्ठ सभासद डोर्लीकर आपल्या दिवंगत चिरंजीवांच्या स्मरणार्थ समुद्र वाचवण्याची मोहीम चालवत आहेत, तरी सर्वांनी सहकार्य करावं. वहिनी बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. भाऊंनी कागद गोळा केले, टेबलाचे पाय दुमडले आणि निघाले. मी त्यांच्यामागे घरापर्यंत गेलो. वहिनी अर्चनाबरोबर आमच्याआधी पोचल्या होत्या.

"साऱ्या मंडळानं दिवंगत म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच काहून म्हणत नाही?"

भाऊंनी चपला काढल्या.

"बारा वर्षं झाली. मी काही मागतलं नाही. गुरुजी म्हणतात, पुढच्या महिन्यात दिवस चांगला आहे. माह्या डोळ्यांदेखत होऊ द्या. माहं आता काही खरं नाही."

"पुतळा त्याचा करतात जो हरवला आहे," भाऊ म्हणाले. "विशाल हरवला नाही. कुठं आहे ते मले माहीत आहे."

"तुम्हाले माहीत आहे. मले नाही."

"बाबा, माँ की तबीयत देखिए ना," अर्चना म्हणाली. "एक दिन की तो बात है."

"हे काम होऊ दे," भाऊ म्हणाले. "तिथं कोनी जानार नाही असं एकदा ठरू दे. मग पाहू."

वहिनी उठून आत गेल्या. त्यांच्या पायांना तेव्हाच सूज येत होती. मूत्रपिंडाचा आजार होता आणि डॉक्टरांनी अर्चनाला तो स्पष्ट सांगितला होता. तो भाऊंनाही माहीत होता. पण त्यांना वाटत होतं की दोन्ही गोष्टींना वेळ आहे.

मग ते जनदर्शनाला जाऊ लागले. लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा तो सरकारी दिवस. रांगेत जमिनीचे, रेशनचे, पेन्शनचे अर्ज, आणि त्यांत भाऊंचा समुद्र. एकदा मीही बरोबर गेलो. खिडकीमागच्या माणसाने अर्ज दोनदा वाचला आणि वर पाहिलं.

"बाबूजी, रायपुर में समंदर कहाँ है?"

"खारून का पानी कहाँ जाता है?" रायपूरच्या नदीचं नाव घेत भाऊंनी विचारलं.

"महानदी में."

"और महानदी?"

त्या माणसाने मान हलवली, शिक्का मारला आणि पोच दिली. अर्ज आत गेला, दोन-तीन टेबलं फिरला, आणि शेवटी मासे हा शब्द पाहून कोणीतरी तो मत्स्यपालनाकडे धाडला. काही दिवसांनी तिकडचा एक तरुण कर्मचारी स्कूटरवर तात्यापाऱ्यात आला आणि विचारू लागला, "दादाजी, आपका तालाब कितना बड़ा है? योजना में जाल मिल जाएगा."

भाऊंनी त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि नकाशा दाखवला. तो मुलगा चहा संपेपर्यंत फुलीकडे पाहत राहिला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला. अर्जावर मात्र 'निराकृत' असा शेरा पडला. इथल्या कार्यालयांत त्याचा अर्थ एवढाच की प्रकरण निकाली निघालं.

आम्ही दिल्लीला लिहिलं. समुद्रतळाचे नियम जिथं ठरतात त्या जमैका बेटावरच्या कार्यालयालाही अर्चनाने इंग्रजीत लिहून दिलं. परदेशातल्या एका संस्थेचं उत्तर आलं, की अनेक देशांतले लोक हेच मागत आहेत, आपण एकटे नाही. भाऊंनी ते घडी घालून खिशात ठेवलं, आणि कोणी विचारलं तर काढून दाखवायचे. वहिनींचा चांगला म्हटलेला दिवस येऊन गेला. पुढच्या वर्षीचाही गेला. मध्ये करोनाची दोन वर्षं आली. मंडळ बंद, जनदर्शन बंद. भाऊ घरातल्या घरात नकाशासमोर बसून असत आणि वहिनी पलंगावर.

त्यानंतर एका दुपारी भाऊ माझ्या कार्यालयात आले ते ऑटोने.

खिडकीतून मला ऑटो थांबताना दिसला आणि त्यातून भाऊ उतरले. मला वाटलं वहिनींचं काही झालं. ते येऊन बसले. पाणी प्यायले नाहीत. ठरलेलं वाक्यही बोलले नाहीत. खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. यंत्र त्या खोलीवर उतरवून तळावर चालवून पाहिलं होतं, आणि ते चाललं होतं. बातमीत आनंद होता. सोबत यंत्राचं चित्र, रणगाड्यासारखे पट्टे असलेलं.

मी म्हणालो, "भाऊ, ही नुसती चाचणी आहे. खोदकामाची परवानगी अजून कोणालाच नाही. तो पट्टाही केवढा मोठा आहे. नेमकं तिथंच—"

"कोनीच जाऊ शकत नाही म्हणाला होता तो फोनवरचा," भाऊ म्हणाले.

मी कात्रण जवळ ओढलं.

"आता त्याले तिथून उठवावं लागते, नरेंद्र. गुरुजींले फोन लाव. मले बोलनं होत नाही."

मी फोन लावला. वहिनींना त्यांनी घरी जाऊन स्वतः सांगितलं. अर्चना म्हणाली की त्या रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पानं ताजी आणा."

पळसाची ताजी पानं रायपुरात आता मिळत नाहीत. भाऊ आणि मी माझ्या गाडीतून नव्या राजधानीच्या बाजूला गेलो. पूर्वी तिकडे पळसच पळस होता, उन्हाळा लागताना सगळा माळ लाल व्हायचा. आता रुंद रस्ते, दुभाजकात ओळीने लावलेली शोभेची झाडं, काचेच्या इमारती. बरंच पुढं गेल्यावर एका खेड्याच्या कडेला तीन-चार झाडं दिसली. शेण थापणारी एक बाई उठून आली. "परसा पाना काबर चाही, बाबा?" पळसाची पानं कशाला हवीत, असं तिने तिकडच्या बोलीत विचारलं.

भाऊंनी तिला सरळ सांगितलं, की मुलगा पाण्यात गेला, सापडला नाही, त्याचा पुतळा करायचा आहे.

"हव," ती म्हणाली. हात धुऊन आली आणि किडलेली पानं बाजूला टाकत आमच्याबरोबर तोडू लागली.

खारूनच्या महादेव घाटावर गुरुजींनी दर्भ पसरला आणि पानांचे देठ लावायला सुरुवात केली. डोक्याच्या जागी नारळ, मग हात, छाती, पाय. कुठल्या अवयवाला किती पानं हे ठरलेलं असतं. गुरुजी मंत्र म्हणत रचत गेले आणि पायांपाशी येऊन थांबले. भाऊ उकिडवे बसून पाहत होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "थोडा उंच होता तो."

गुरुजींनी पायांची पानं खाली सरकवली. भाऊंनी डोळ्यांनी मापून पाहिलं. मग त्यांनी स्वतः एक पाऊल जरा बाहेर वळवलं. विशालचा उजवा पाय चालताना तसाच बाहेर पडायचा. मी ते विसरलो होतो.

पानं हिरवी होती, त्यामुळे धूर फार झाला. जळायला मात्र वेळ लागला नाही. राख मूठभरच. गुरुजी ती नदीत सोडायला निघाले तेव्हा भाऊ आडवे आले.

"जमिनीत पुरली तर नाही चालनार? नदीतून परत तिकडंच जाईन ना तो. एवढा वर आनला."

वहिनी वर रस्त्यावर गाडीत बसल्या होत्या, त्यांना पायऱ्या उतरवत नव्हत्या. भाऊ राखेचं मडकं हातात घेऊन वर चढले. मी मागे होतो. त्यांनी गाडीच्या काचेशी वाकून वहिनींना तेच विचारलं.

वहिनींनी मडक्यावर हात ठेवला. "नदीत सोडा," त्या म्हणाल्या. "तो काही जमिनीवर राहनारा पोट्टा नव्हता."

भाऊ पायऱ्या उतरून गेले आणि राख खारूनमध्ये सोडली.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात वहिनींनी विशालचं पान वाढलं. उभं राहवत नव्हतं, तरी वांग्याची भाजी स्वतः केली. पंधरवड्यानंतर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि दिवाळीच्या आधी त्या गेल्या. अस्थी खारूनमध्येच, त्याच पायरीवरून. अर्चनाने भाऊंना भिलाईला चला म्हणून फार विनवलं. ते गेले नाहीत. नकाशा मात्र भिंतीवरून उतरवून गुंडाळून ठेवलेला मी पाहिला. मला वाटलं मोहीम संपली. मी अर्जांच्या प्रती एका फाइलमध्ये नीट लावल्या आणि फाइल कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो आहे, कपाट रिकामं करायचंच होतं.

थंडीत एका सकाळी वर पाहिलं तर भाऊ दारात. चालत आले होते. आता त्यांना मध्ये दोन ठिकाणी बसावं लागत होतं, घाम आला होता. मी खुर्ची पुढे केली. पाणी प्यायले. जरा वेळ दम घेतला.

"नरेंद्र, खारूनचं पानी तिथंपर्यंत पोचायले किती दिवस लागत असतीन?"

मला माहीत नव्हतं. कोणाला माहीत असेल असंही वाटलं नाही. मी म्हणालो, "बरेच लागत असतील, भाऊ. मध्ये महानदी, धरण, मग बंगालचा उपसागर. वर्षं लागत असतील."

त्यांनी मान हलवली. खिशातून चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला आणि लावला.

"मग अर्ज पुन्हा टाइप कर," ते म्हणाले. "ती विशालपाशी पोचायच्या आधी जाऊ दे."